फुकटची थाळी आणि तिसरा माणूस

पोलिसाने खानावळीत फुकट जेवणं हा भ्रष्टाचार म्हणायचा का? कोकणात कुणालाही विचारा, दोनपैकी एक उत्तर येतं. "एवढंतेवढं चालायचंच हो, बिचारा दिवसभर उन्हात उभा असतो." किंवा मग, "आज थाळी, उद्या हप्ता." मला दोन्ही उत्तरं अर्धीच वाटतात. दोन्हीकडे हिशोब मांडलेला असतो तो देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा. ज्याने दिलं नाही, ज्याची द्यायची ऐपत नाही, किंवा इथे द्यायची पद्धत आहे हेच ज्याला ठाऊक नाही, त्याला कुणी धरतच नाही. हा विषय समजून घ्यायचा तर सुरुवात या तिसऱ्या माणसापासून करायला हवी.

मुंबईहून रात्रीच्या खासगी बसने गावी जाणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. गाडी मध्यरात्री एका ठरलेल्या हॉटेलवर लागते. ड्रायव्हर-क्लीनर आतल्या बाजूला बसतात. त्यांना गरम भाकरी, रस्सा, वर तंबाखूची पुडी, आणि बिल नाही. आपल्या वाट्याला गार वडा, तोही दीडपट भावाने. हॉटेलवाला खूश, ड्रायव्हर खूश, कुणी कुणावर जबरदस्ती केलेली नाही. ड्रायव्हरच्या भाकरीचे पैसे गाडीतल्या प्रवाशांनी भरले, आणि त्यांना कुणी विचारलंही नाही.

आता तालुक्याच्या गावातली, एसटी स्टँडसमोरची एखादी खानावळ डोळ्यांसमोर आणा. मे महिना, दुपारचा दीड. बीटवरचे दोघे पोलीस आत येतात. मालक स्वतः उठून पंख्याखालचं टेबल पुसून देतो. सुरमईची तुकडी जरा मोठी पडते, सोलकढीची वाटी न मागता दुसऱ्यांदा भरली जाते. हात धुऊन झाल्यावर हवालदार गल्ल्यापाशी येतात, खिशाकडे हात नेतात. "किती झाले, काका?" "रवांदे ओ सायबानू, पैशे खंय पळतत?" खिशाकडे गेलेला हात बडीशेपेच्या वाटीकडे वळतो. हे रोजचंच आहे आणि कुणाच्याच मनात पाप नाही.

बाहेर खानावळीच्या गिऱ्हाइकांच्या तीन गाड्या अर्ध्या रस्त्यावर आलेल्या आहेत. दहा पावलांवर एक बाई करवंदं-जांभळांची टोपली घेऊन बसली आहे. थोड्या वेळाने वाहतूक तुंबते, हॉर्न वाजायला लागतात. आधी कुणाला उठवलं जाईल हे सांगायला ज्योतिषी नको. हवालदारांना विचारलं तर ते म्हणतील, मी काही मुद्दाम केलं नाही. ते खोटं बोलत नसतात. टोपली हलवणं सोपं, गाड्यांचे मालक आत जेवतायत, त्यांना कशाला उठवा, असं त्यांना त्या क्षणी खरोखरच वाटलेलं असतं.

मन असं का वळतं? अमेरिकेत डेनिस रीगन या मानसशास्त्रज्ञाने १९७१ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जणांना एका अनोळखी माणसाने न मागता कोकची बाटली आणून दिली, काहींना दिली नाही. थोड्या वेळाने त्याच माणसाने सोडतीची तिकिटं विकत घ्यायची गळ घातली. ज्यांना कोक मिळालं होतं त्यांनी जवळपास दुप्पट तिकिटं घेतली. गंमत अशी की तो माणूस त्यांना आवडला होता की नाही, याने फारसा फरक पडला नाही. उपकार फेडायची ओढ आवडीनिवडीच्याही आधी काम करते. म्हणून "एका थाळीने मी विकला जाणार आहे का?" हा पोलिसाचा सवाल प्रामाणिक असला तरी चुकीच्या जागी आहे. विकलं कुणीच जात नाही, नजर तेवढी थोडी वळते.

आणि पोलिसाचं काम बरंचसं या नजरेवरच चालतं. कुणाला चलान फाडायचं, कुणाला समज देऊन सोडायचं, रात्रीची गस्त कुठल्या रस्त्याने न्यायची, कुणाची तक्रार आज लिहून घ्यायची आणि कुणाला "उद्या या" म्हणायचं, हे सगळं कायद्याच्या पुस्तकात रेषा मारून दिलेलं नाही. जागेवरच्या माणसाने ते ठरवायचं असतं. खानावळीसमोर रोज तासभर उभी राहणारी पोलिसांची गाडी ही सुद्धा एक सेवाच आहे. तिच्यामुळे दारुडे तिथे धिंगाणा घालत नाहीत, उधारी बुडवणारा दोनदा विचार करतो. बंदरावरच्या टपरीला ती सेवा मिळत नाही. गाडीचं पेट्रोल, हवालदारांचा पगार हे दोघांच्याही करातून आलेलं असतं, आणि गाडी कुठे उभी राहायची ते थाळीवर ठरतं.

किनाऱ्यावर याचं आणखी धारदार रूप दिसतं. मालवण-देवगडपासून रत्नागिरीपर्यंत पारंपरिक मच्छीमार आणि पर्ससीनवाले (यांत्रिक बोटींवरून मोठी घेरजाळी टाकणारे) यांचे खटके वर्षानुवर्षं चालू आहेत. मासेमारीवरची कारवाई हे खरं मत्स्यव्यवसाय विभागाचं काम, पण समुद्रात हाणामारी झाली की प्रकरण पोलीस ठाण्यात येतं. समजा एका बोटमालकाकडून हंगामभर पापलेट-कोळंबीची पिशवी साहेबांच्या क्वार्टरवर जाते आहे, आणि हे गावात सगळ्यांना माहीत आहे. गावात काय लपतं? अशा ठाण्यात रापणीवाला, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणारा पारंपरिक मच्छीमार, तक्रार घेऊन येतो. अधिकारी अगदी तराजू धरून वागला, तरी रापणीवाला पायरी चढतानाच मनात हरलेला असतो. पुढच्या वेळी तो येतच नाही, परस्पर चार माणसं गोळा करतो. पिशवीतल्या मासळीची किंमत काढून हे नुकसान मोजता येणार नाही.

यावर हमखास येणारा बचाव म्हणजे, "पण तो खुशीने देतो ना!" देत असेलही. कोकणात दारात आलेल्याला पाण्याबरोबर गूळ नाही दिला तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना झोप लागत नाही. पण खुशी ओळखायची कशी? नाही म्हणायची मोकळीक असेल तरच हो म्हणण्याला अर्थ. खानावळवाल्याने एक दिवस बिल लावलं तर काय होईल हे त्यालाही नक्की माहीत नसतं. कदाचित काहीच होणार नाही. कदाचित शनिवारी रात्री उशिरापर्यंत शटर उघडं असल्याची आठवण कुणाला तरी होईल. हे "कदाचित" वागवत बसण्यापेक्षा दोन थाळ्या स्वस्त पडतात, एवढाच त्याच्या खुशीचा हिशोब असू शकतो. वर्दीतल्या माणसाला समोरच्याच्या चेहऱ्यावरून हे कळत नाही, कारण चेहरा दोन्ही वेळा हसराच असतो.

पर्यटन वाढलं तसा यात एक नवा प्रकार आला आहे, आणि माझ्या मते थाळीपेक्षा तो वाईट. "साहेबांचे पाहुणे येणार आहेत, दोन रूम ठेवा." तारकर्ली, गणपतीपुळे, दिवेआगर, कुठल्याही किनाऱ्यावर होम-स्टे चालवणाऱ्याशी जरा मोकळेपणाने बोला, हे वाक्य निघतंच. निरोप आणतो तो बीटचा शिपाई. त्याला स्वतःला यात मिळत काहीच नाही, उलट मान खाली घालून उभा असतो. नाताळच्या आठवड्यात आधीच बुक झालेली खोली कुणाचे तरी पैसे परत करून रिकामी करायची. पाहुणे येतात, राहतात, जेवतात, बोटीतून डॉल्फिन बघतात आणि जाताना "छान सोय केलीत" म्हणतात. बिलाचा विषय निघत नाही. मालक बोलत नाही, कारण पाहुण्यांचं रजिस्टर तपासायला, परदेशी पर्यटकाची नोंद वेळेत केली का ते बघायला, रात्रीच्या लाऊडस्पीकरबद्दल विचारायला येणारं ठाणं तेच असतं. थाळीत निदान आग्रह तरी असतो, इथे सरळ मागणीच आहे, फक्त मागणारा समोर येत नाही.

आंब्याची पेटी या दोहोंच्या मधे कुठेतरी बसते. हंगामाच्या तोंडावर, हापूस अजून काही हजारांत असतो तेव्हा, ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे एखादी पेटी दिसते. पेंढ्याचा वास, आढीची ऊब. वर निळ्या मार्करने लिहिलेलं असतं "पीआय साहेब". नाव नसतं. नाव घालायची गरजच नसते, कारण पेटी खुर्चीला आलेली असते. सर्वसाधारण बदल्यांचे आदेश एप्रिल-मेमध्ये निघतात, म्हणजे ऐन आंब्यात. बागायतदाराची पेटी बदलून गेलेल्या साहेबांच्या मागे नागपूरला किंवा नांदेडला जाते का, की नव्याने आलेल्या, अजून कुणाशी ओळखही न झालेल्या साहेबांकडे जाते? मैत्री असेल तर पहिली गोष्ट होईल. भेट घ्यावी की नाही असा प्रश्न पडलेल्या अधिकाऱ्यासाठी यापेक्षा सोपी कसोटी मला तरी सुचत नाही: उद्या माझी बदली झाली तर हे मला मिळेल का?

कायदा याबद्दल काय म्हणतो ते बघू. त्याचे दोन थर आहेत.

पहिला थर सेवेच्या वर्तणूक नियमांचा. आयपीएस अधिकाऱ्यांना अखिल भारतीय सेवा (वर्तणूक) नियम, १९६८ लागू आहेत. राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आहेत. १९६८ च्या नियमांत भेटीची व्याख्या रुंद आहे. जवळचे नातेवाईक आणि कामाचा संबंध नसलेले वैयक्तिक मित्र सोडून इतर कुणी दिलेला फुकट प्रवास, फुकट राहणं-जेवण, कुठलीही सेवा ही भेटच. पण प्रसंगाने झालेलं एखादं जेवण, कुणी वाटेत दिलेली लिफ्ट, सामाजिक पाहुणचार हे भेट धरत नाहीत. आणि लगेच पुढे बजावलं आहे की ज्यांच्याशी सरकारी कामाचा संबंध येतो त्यांच्याकडून बडेजावाचा किंवा वारंवार पाहुणचार घेणं टाळा. मला हा नियम शहाणपणाचा वाटतो. लग्नाला गेलेल्या फौजदाराने पंगतीत बसावं, तपासाला आडगावात गेलेल्या हवालदाराने कुणाच्या ओटीवर चहा प्यावा, यात नियमाला अडचण नाही. ती सुरू होते "वारंवार"पासून.

दुसरा थर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा, १९८८ चा, आणि तो फार कडक आहे. २०१८ च्या दुरुस्तीनंतर त्यात "अनुचित लाभ" हा शब्द आला. कायदेशीर मोबदल्याव्यतिरिक्त मिळालेलं काहीही त्यात येतं, मग ते पैशांत मोजता येवो वा न येवो. कलम ७ म्हणजे सरळ लाच: काम करण्यासाठी, न करण्यासाठी किंवा टाळण्यासाठी घेतलेला लाभ. शिक्षा किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं, शिवाय दंड. बहुतेकांना एवढंच माहीत असतं.

आपल्या विषयाला लागू पडतं ते कलम ११. ज्याचं काम आपल्या हाताखालून गेलं आहे, जातंय किंवा जाण्याची शक्यता आहे, अशा माणसाकडून मोबदला न देता किंवा अपुरा मोबदला देऊन लाभ घेणं हाच तिथे गुन्हा आहे. बदल्यात काय केलं हे दाखवायची गरज नाही. शिक्षा सहा महिने ते पाच वर्षं. "अपुरा मोबदला" हे शब्द नीट वाचा. "आम्ही अर्धे पैसे देतो" ही पळवाट तिथेच बंद होते. दोन्ही कलमांत लाभ स्वतःसाठी घेतला की दुसऱ्या कुणासाठी, हा फरक केलेला नाही, त्यामुळे "साहेबांचे पाहुणे" सुद्धा आत येतात. आणखी एक बारकावा. १९८८ च्या मूळ कायद्यात अशी सोय होती की घेतलेली वस्तू अगदीच क्षुल्लक असेल तर न्यायालय तिच्यावरून लाचेचं गृहीतक धरायला नकार देऊ शकत असे. २०१८ मध्ये ती तरतूद गेली.

म्हणून फुकट वडापाव खाल्ला की पोलीस तुरुंगात जाईल का? व्यवहारात नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचे सापळे लागतात ते मागणी झाल्यावर, पंच बोलावून, नोटांना पावडर लावून. थाळीला पावडर लावत नाहीत. कायदा आहे, पण रोजच्या फुकट जेवणापर्यंत तो सहसा पोचत नाही, आणि म्हणूनच हा विषय कोर्टापेक्षा सवयीचा जास्त आहे.

सवयीवर आलो की घसरगुंडीचा मुद्दा येतो: चहाने सुरुवात होते आणि शेवट कुठे होतो बघा. रायगडच्या किनाऱ्याला हे सांगताना लोकांना १९९३ आठवतं. त्या जानेवारीत दिघीला उतरलेली शस्त्रं घेऊन निघालेल्या गाड्या पोलिसांनी गोंडघर फाट्यावर अडवल्या होत्या. सौदा ठरला, रोकड पुरी नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेतल्या, गाड्या सोडल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरलं. १२ मार्चच्या मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. पोलीस आणि कस्टमची माणसं त्या खटल्यात दोषी ठरली. पण ही गोष्ट थाळीच्या वादात फेकताना जपून. गोंडघरला उभी असलेली माणसं कधीकाळी फुकट चहापासून सुरू झाली होती असं कुणी सिद्ध केलेलं नाही, आणि फुकट चहा पिणारे हजारो पोलीस आयुष्यात तसं काहीही न करता निवृत्त होतात. वडापाव ते आरडीएक्स अशी सरळ रेघ मारणं हे आळशी विचाराचं लक्षण आहे.

चहा घसरवतो तो एकेका माणसाला नव्हे, सगळ्या ठाण्याला. न्यूयॉर्क पोलिसांतल्या भ्रष्टाचाराची चौकशी करणाऱ्या नॅप आयोगाने १९७२ च्या अहवालात लाचखाऊंचे दोन प्रकार सांगितले. मोठी शिकार शोधत फिरणारे ते मांस खाणारे. चालता चालता समोर येईल ते घेणारे, ते गवत खाणारे. आयोगाच्या मते मोठी अडचण गवत खाणाऱ्यांची होती. ते संख्येने जास्त, त्यामुळे घेणं हीच रीत होऊन बसते, आणि न घेणारा वेगळा पडतो. आपल्याकडे नव्याने भरती झालेली पोरगी खानावळीत आपले पैसे काढून द्यायला लागली तर सोबतचे काय म्हणतात, हे कुठल्याही ठाण्यात ऐकायला मिळेल. "हरिश्चंद्राची नात आली." पुढच्या वेळी ती एक तर पैसे देत नाही किंवा डबा आणते. आणि ती मांस खाणाऱ्याविरुद्ध तोंड उघडेल, ही आशा त्या दिवशीच संपते, कारण पंगतीत सगळेच बसलेले असतात.

आता पोलिसांची बाजू, आणि ती लंगडी नाही. गणपतीत मुंबई-गोवा महामार्गावर चाकरमान्यांच्या गाड्यांची रांग लागते, तेव्हा कशेडीपासून खाली बंदोबस्तावरची माणसं बारा-चौदा तास उभी असतात. पाऊस, खड्डे, लघवीला जायची सोय नाही. बाई असेल तर विचारूच नका. जेवण कुठून येतं? एखादं मंडळ, एखादा ढाबा, नाहीतर एखादा पुढारी पाकिटं पाठवतो. निवडणुकीच्या सभेत तर ज्याच्या सभेवर नजर ठेवायची त्याच्याच पक्षाचं बिर्याणीचं पाकीट हातात येतं. त्या शिपायाने उपाशी राहून तत्त्व पाळावं असं मी म्हणणार नाही. माणूस चौदा तास उभा करायचा आणि त्याच्या जेवणाची सोय गावावर सोडायची, ही सरकारची लबाडी आहे. नैतिकतेचा धडा शिपायाला द्यायच्या आधी बंदोबस्ताच्या आदेशात शिध्याची ओळ घाला.

आणि सगळंच अन्न सारखं नसतं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं. त्यानंतरच्या दिवसांत तिथे ज्याच्याकडे चूल पेटत होती तो येईल त्याला वाढत होता. जवान, पोलीस, वायरमन, बाजूच्या गावातून फावडं घेऊन आलेली पोरं. तिथे कुणी कुणाचा उपकृत झाला नाही, कारण ताट वर्दी बघून मिळत नव्हतं. सगळ्यांना मिळतं ते घ्यायला हरकत नाही. एखाद्या खानावळवाल्याला पोलिसांसाठी खरंच काही करावंसं वाटत असेल तर त्याने पाटी लावावी: रात्रपाळीच्या सगळ्यांना चहा मोफत. मग नर्सही पिईल, एसटीचा कंडक्टरही आणि हवालदारही. पाटी लावायला जीव कचरत असेल, तर चहा नेमका कशासाठी दिला जात होता ते त्याचं त्यालाच कळेल.

नको म्हणायचं कसं, ही पोलिसांची खरी पंचाईत. उपदेश करून काका दुखावतात. जेवायच्या आधीच पैसे काढून गल्ल्यावर ठेवले किंवा मोबाईलवरून स्कॅन करून टाकले की वाद होत नाही, हे काही जण करतात. ठाण्याच्या प्रमुखाने आल्या आल्या एकदा सगळ्यांसमोर स्वतःचं बिल भरलं की खालच्यांचं काम सोपं होतं. शिपायाने एकट्याने सुधारायचं आणि साहेबांनी पेटी घरी न्यायची, हे चालत नाही.

देणाऱ्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी. २०१८ पासून लाच देणारासुद्धा स्वतंत्रपणे गुन्हेगार आहे. कलम ८, सात वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. अयोग्य काम करून घ्यायच्या हेतूने दिलं तरच ते लागू होतं, म्हणजे आग्रहाने वाढलेली प्रत्येक थाळी त्यात येत नाही. बळजबरीने द्यावं लागलं असेल तर सुटका आहे, पण दिल्यापासून सात दिवसांत तक्रार करायला हवी. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक १०६४ आहे, आणि आधीच कळवून त्यांच्या सापळ्यासाठी दिलं तर गुन्हा होत नाही. होम-स्टेवाल्याची गोची इथे होते. पहिल्या वर्षी दोन खोल्या दिल्या तेव्हा तो गप्प बसला, दुसऱ्या वर्षी त्याने स्वतःहून फोन करून "साहेब, यंदा पाहुणे नाहीत का?" विचारलं, आणि तिसऱ्या वर्षी शेजाऱ्याच्या शॅकवर कारवाई झाली, त्याच्यावर झाली नाही. आता त्याला जबरदस्ती झाली होती असं म्हणायचं असेल, तर ते सात दिवस कधीचे उलटून गेलेले आहेत.